लांबलेला पाळणा: प्राणिसंग्रहालयांतली सिंहपुच्छ माकडं

रानजाई | रविवार, रात्री ९:४०

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत राहते. घराजवळच्या प्राणिसंग्रहालयाचा वर्षाचा पास असतो, आणि रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत मी एका ठरलेल्या बाकावर जाऊन बसते. समोर सिंहपुच्छ माकडं. काळं कुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला छोटासा गोंडा. आयाळीमुळे नाव पडलं असं लोकांना वाटतं, पण नाव त्या गोंड्याचं आहे. हे जनावर जगात फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात सापडतं, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूत. परक्या गावात त्याला बघताना मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

मी आले तेव्हा ती नऊ होती. आता चार आहेत. काचेशेजारी एक पाटी आहे, तिच्यावर प्रत्येकीचं नाव आणि जन्मसाल लिहिलेलं आहे. सगळ्यात धाकटीचं साल २००८. म्हणजे इथे इतक्या वर्षांत एकदाही पाळणा हललेला नाही. मागच्या रविवारी एक बाई तान्हं बाळ घेऊन काचेजवळ आली. चौघींतली सगळ्यात म्हातारी माकडीण फांदीवरून उतरली, काचेला तळवा टेकवून बाळाकडे बघत बसली. धाकटी जागची हललीसुद्धा नाही. तिने तिच्या जन्मात पिल्लू पाहिलेलंच नाही, तर ती कशाला उतरेल?

घरी आले आणि जे मिळेल ते वाचत सुटले. वाचलेलं इथे मांडते आहे, कारण मराठीत मला याबद्दल फारसं काही सापडलं नाही.

लिनिअसने १७५८ साली या माकडाला शास्त्रीय नाव दिलं. प्राणिसंग्रहालयांत ते शंभर वर्षांहून जास्त काळ आहे. सुरुवातीला सगळी रानातून पकडून आणलेली असायची, आणि मेली की पुन्हा आणायची. १९७०च्या दशकात केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या धरणाचा वाद पेटला आणि हे माकड त्या आंदोलनाचा चेहरा झालं. धरण रद्द झालं, सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाली. त्याच सुमारास पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांनी ठरवलं की यापुढे रानातून जनावर आणायचं नाही, आहेत त्यांचीच वीण वाढवायची. १९८२ साली बाल्टिमोरला फक्त या एका माकडावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. एका माकडासाठी!

आणि वीण वाढली. ऐंशीच्या दशकात इतकी वाढली की ठेवायला जागा पुरेना. मग काय केलं असेल? माद्यांच्या कातडीखाली संप्रेरकाची कांडी बसवली, नाहीतर नर-मादी वेगळे ठेवले. आपल्याकडे कुटुंबनियोजनवाले म्हणायचे तसा पाळणा लांबवला. हिशोब असा होता की जागा झाली की कांडी काढू, पुन्हा पिल्लं होतील. कांड्या निघाल्या. पिल्लं झाली नाहीत, किंवा फार थोडी झाली. तोवर माद्यांची वयं उलटून गेली होती.

२०२१ साली निलोफर बेगम, वेर्नर काउमन्स, मेवा सिंह आणि हेरिबर्ट होफर या संशोधकांनी शंभर वर्षांच्या नोंदवह्या, म्हणजे स्टडबुक, तपासून एक सविस्तर लेख लिहिला. प्रत्येक माकडाचा जन्म, आई, बाप, बदली, मृत्यू, सगळं त्या वहीत असतं. त्यातून जे दिसतं ते वाचून मी सुन्न झाले. कित्येक माद्यांना जन्मात एकदाही पिल्लू झालेलं नाही. थोड्याशा माद्यांनी सगळा भार उचलला आहे. वरून आकडा ठीक दिसत राहिला आणि आतून कळप म्हातारा होत गेला.

मला म्हणायचंय ते एवढंच: ही माकडं उपासमारीने किंवा साथीने कमी झालेली नाहीत. त्यांना उत्तम खायला मिळतं, डॉक्टर आहेत, थंडीत ऊब आहे. वहीत एकेक जनावर मोजलं गेलं आणि मायलेकींची घरं मोजायची राहिली, त्याने ती कमी झाली. तुमच्यापैकी कुणी पशुवैद्य असेल, किंवा कुणी त्यांना रानात पाहिलं असेल, तर कृपया लिहा.

---

आजोबा_ठाणे | रविवार, रात्री १०:१५

फार छान लिहिलंत. एक शंका. माकड की वानर? वर्तमानपत्रात ‘सिंहपुच्छ वानर’ वाचल्याचं आठवतं.

---

रानजाई | रविवार, रात्री १०:३२

आजोबा, आपल्याकडे लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचं ते वानर, आणि लाल तोंडाचं, गालात खाणं साठवणारं ते माकड. सिंहपुच्छाचं तोंड काळं असलं तरी त्याला गालाच्या पिशव्या असतात, आणि नात्याने ते आपल्या देवळातल्या लाल तोंडाच्या माकडाचं भावंड आहे. म्हणून मी माकड लिहिते.

---

घाटवाट | सोमवार, सकाळी ७:०५

धागा आवडला. पण मूळ प्रश्नच विचारतो: पिंजऱ्यातली कमी झाली तर बिघडलं काय? रान राखा, माकड आपोआप राहील. करोडो रुपये काचेच्या घरांवर घालण्यापेक्षा जंगल विकत घ्या.

---

कातळफूल | सोमवार, सकाळी ८:२०

घाटवाट +१. आमच्या लहानपणी प्राणिसंग्रहालय म्हणजे सिमेंटचा चौक आणि गज. माकडं गजांना धरून डोलत असायची. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

---

पशुवैद्य_सातारा | सोमवार, दुपारी २:५०

मी गुराढोरांचा डॉक्टर, पण सुरुवातीच्या काळात दोन वर्षं एका प्राणिसंग्रहालयात काम केलंय. कुठल्या ते लिहीत नाही. रानजाईताई, तुम्ही जे वाचलंत त्याच्या मागचं शरीरशास्त्र सांगतो.

सिंहपुच्छ मादी साधारण पावणेसहा महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच पिल्लू देते. रानात ती पहिल्यांदा वितेपर्यंत सहा वर्षं उलटतात, आणि दोन पिल्लांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असतं. अजित कुमार यांनी ऐंशीच्या दशकात तामिळनाडूतल्या अनामलाईच्या डोंगरांत या माकडांवर केंब्रिजसाठी प्रबंध केला, तेव्हापासून हे माहीत आहे. म्हणजे मुळातच सावकाश वाढणारी जात. अशा मादीची ऐन भरातली पाच-सात वर्षं कांडीखाली गेली, तर ती दोन-तीन पिल्लांना मुकते. ती पिल्लं नंतर भरून निघत नाहीत.

दुसरं. गर्भाशय वर्षानुवर्षं रिकामं राहिलं की ते आजारी पडतं. प्राणिसंग्रहालयातल्या आशियाई हत्तिणींत आणि एकशिंगी गेंड्यांच्या माद्यांत हे चांगलं नोंदलेलं आहे: तरुणपणी वीत नाहीत त्यांच्या गर्भाशयात गाठी होतात आणि पुढे त्या गाभण राहत नाहीत. माकडिणींनाही बाईमाणसासारखी पाळी येते, आणि गर्भाशयाच्या अस्तराचे तेच आजार त्यांनाही होतात. शेतकऱ्याला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. कालवड वेळेत गाभण राहिली नाही की तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हजर असतो, कारण एकदा भाकड राहिलेलं जनावर परत मार्गावर आणणं किती जड जातं ते त्याला ठाऊक असतं.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. या माकडांत लेकी आईच्या कळपात जन्मभर राहतात आणि नर वयात आला की घर सोडतो. आपल्या रीतीच्या उलट. आजी, आई, मावशा, लेकी हा कळपाचा कणा. तरुण पोर मावशीचं पिल्लू कडेवर घेऊन शिकते, छातीशी कसं धरायचं, कधी सोडायचं. प्राणिसंग्रहालयं मात्र वहीत पाहून ‘रक्त जवळचं होतंय’ म्हणून ही लेक या गावाला, ती लेक त्या गावाला अशी पाठवत राहिली. वहीच्या हिशोबाने ते बरोबरच होतं, शंभर वर्षं नव्वद टक्के आनुवंशिक विविधता टिकवायची असं ध्येय होतं. पण परक्या कळपात एकट्या पडलेल्या मादीला तिथल्या बायका उभं करत नाहीत. तिला मूल होणं लांबच, नीट जेवायला मिळालं तरी पुष्कळ.

मी काम करत होतो तिथे अशीच एक मादी आली होती (दुसऱ्या जातीची होती, पण गोष्ट तीच). पहिलटकरीण. पिल्लू झालं, तिने ते उलटं धरलं. डोकं खाली, पाय वर. पिल्लू दूध शोधत होतं आणि त्याच्या तोंडाशी तिचं पोट येत होतं. आम्ही गजाबाहेरून रात्रभर पाहत बसलो. हात घालावा तर ती बिथरून त्याला फेकून देईल ही भीती. सकाळी पिल्लू गेलं होतं. ती दोन दिवस ते घेऊन फिरत होती. तिला मायेची कमी नव्हती, तिला कुणी दाखवलेलंच नव्हतं.

---

अनघा_ब | सोमवार, दुपारी ३:३०

वाचून डोळे भरून आले, डॉक्टर.

---

सुगरणीचा_खोपा | सोमवार, संध्याकाळी ६:१०

आणि नरांचं काय होतं? कळपात एकच मोठा नर असतो असं वाचलं. जन्माला तर निम्मे नर येत असतील.

---

पशुवैद्य_सातारा | सोमवार, रात्री ९:००

नेमकं तिथेच घोडं अडतं. रानात बहुतेक कळपांत एकच मोठा नर आणि चार-सहा माद्या असतात. बाकीचे नर एकेकटे हिंडतात, दुसऱ्या कळपात शिरकाव करून घेतात, मरतातही. पिंजऱ्यात त्यांना हिंडायला रान नाही. वयात आलेला नर बापाच्या कळपात ठेवला तर मारामाऱ्या. वेगळा ठेवायचा तर त्याला वेगळं घर, बाहेरचं अंगण, थंड देशात हीटर. असे चार नर झाले की संचालक म्हणतो, आता पिल्लं थांबवा. कांड्या बसण्याचं मोठं कारण हे नर आहेत. शिवाय कळपात नवा नर आणला तर अंगावरच्या पिल्लांना धोका असतो.

अमेरिकेत आणखी एक गोष्ट आड आली. मकाक कुळातल्या माकडांत (सिंहपुच्छही त्यातलंच) हर्पिस बी नावाचा विषाणू असतो. माकडाला त्याचा फारसा त्रास नसतो, माणसाला मात्र जिवावर बेततं. १९९७ साली तिथल्या एका संशोधन केंद्रात रीसस माकडाच्या अंगावरचा द्रव डोळ्यात उडून एका तरुण कर्मचारी मुलीचा जीव गेला. अशा भीतीपोटी तिथली बरीच प्राणिसंग्रहालयं मकाक ठेवायलाच कचरू लागली.

---

घाटवाट | सोमवार, रात्री ९:४५

डॉक्टर, पटलं. पण याचाच अर्थ, पिल्लं होऊ द्यायची तर जास्तीच्या जनावरांचं काय करायचं याचं उत्तर हवं. जर्मनीत न्यूर्नबर्गच्या प्राणिसंग्रहालयात २०२५ साली बारा गिनी बबून मारले, कारण घर पंचविसांचं आणि माकडं चाळिशीच्या वर गेली होती. केवढा गदारोळ झाला. तेच करायचं का इथे?

---

रानजाई | मंगळवार, पहाटे ५:५०

घाटवाट, त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात दुसरा विषय नव्हता. मला ते मारणं सहन झालं नाही, आजही होत नाही. पण तिथेही आधी गर्भनिरोधकाचा प्रयत्न झाला होता आणि तो फसला होता, हे वाचल्यावर मी नुसती संतापून थांबू शकले नाही. एका टोकाला बारा बबून, दुसऱ्या टोकाला माझ्या समोरच्या या चार म्हाताऱ्या. दोन्हीकडे मूळ दुखणं जागेचं आहे. प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला शंभर जाती दाखवायच्या असतात आणि प्रत्येक जातीला एक कोपरा मिळतो. काउमन्स आणि मेवा सिंह यांचं म्हणणं मला पटतं: थोड्या ठिकाणी, पण मोठे कळप ठेवा. मायलेकी तोडू नका. नर हलवा, माद्या नको, रानात होतं तसंच. आणि वीण अगदी बंद कधीच करू नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं, पिंजऱ्यातली कमी झाली तर बिघडलं काय. रानात आज ही माकडं काही हजारच आहेत, तीसुद्धा चहा-कॉफीच्या मळ्यांनी तुकडे केलेल्या जंगलांत. उद्या एखादी साथ आली तर? ब्राझीलच्या सोनेरी सिंह टॅमरिन या छोट्या माकडाचं उदाहरण बघा. सत्तरच्या दशकात रानात दोनशेच्या आसपास उरली होती. प्राणिसंग्रहालयांत वाढवलेली १९८४ पासून पुन्हा जंगलात सोडली. आज ती काही हजार आहेत.

---

पशुवैद्य_सातारा | मंगळवार, सकाळी ७:३०

टॅमरिनशी तुलना जपून करा, ताई. त्यांना एका वेळी जुळी होतात, आणि बाप पिल्लं पाठीवर वागवतो. शिवाय सिंहपुच्छाचं पिंजऱ्यातलं पिल्लू रानात सोडायचं तर कुठल्या झाडाला कधी फळ येतं हे त्याला कोण शिकवणार? मला त्यांचा उपयोग विम्यासारखा वाटतो, आणि विम्याचा हप्ता एकदा चुकवला की पॉलिसी बंद पडते.

---

सुगरणीचा_खोपा | मंगळवार, सकाळी १०:१५

आपल्याकडे भारतात काय परिस्थिती आहे?

---

रानजाई | मंगळवार, दुपारी १:२०

चेन्नईजवळचं वंडलूर, म्हैसूर आणि तिरुवनंतपुरम ही मुख्य ठिकाणं. तिरुवनंतपुरमचं प्राणिसंग्रहालय १८५७चं, म्हैसूरचं १८९२चं. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने या माकडासाठी नियोजित प्रजनन कार्यक्रम आखला आहे आणि वंडलूरकडे त्याचं मुख्य काम आहे. माझ्या मते इथे भारताचं पारडं जड आहे. हवा त्यांची, फणस-उंबर दारचे, हीटर नको, आणि उघड्यावर मोठी कुंपणं घालता येतात. युरोपात जे चार भिंतींत जमलं नाही ते इथे जमू शकतं. फक्त तीन-चार जनावरांच्या तुकड्या करून वाटू नयेत.

---

आजोबा_ठाणे | मंगळवार, दुपारी ४:००

आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत हे का नाही? आंबोलीला, कोयनेला रान काय कमी आहे?

---

मलनाडकर | मंगळवार, रात्री ८:३५

आजोबा, मी सांगतो. आमचं घर शिरसीकडचं, घरात कोकणी-मराठी. आमच्याकडे याला कन्नडमध्ये सिंगळीक म्हणतात. उत्तरेकडची त्यांची शेवटची मोठी वस्ती आमच्या अघनाशिनीच्या खोऱ्यात. त्यांना बारा महिने काही ना काही पिकलेलं लागतं. तुमच्याकडे पाऊस धो धो पडतो, पण दिवाळीनंतर जूनपर्यंत रान कोरडं. एवढा उपास त्यांना झेपत नाही.

२०११ साली इथे अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव झालं, पुढे २०१९ मध्ये शरावतीचं अभयारण्य आणि हे मिळून एक मोठं अभयारण्य केलं. राखीव करताना गावांना उठवलं नाही. तुम्ही जोगचा धबधबा बघायला येता ना, होन्नावरकडे घाट उतरताना दोन्ही बाजूंचं रान त्यांचंच. कत्तलेकान म्हणून एक ठिकाण आहे, जायफळाच्या जातीची झाडं दलदलीत उभी, मुळं गुडघ्यासारखी चिखलातून वर आलेली. भर दुपारी अंधार.

त्यांना पाहायचं तर आधी ऐकावं लागतं. वरून सालं, देठ टपटप पडतात. मग ‘कू’ असा हलका आवाज, एकीने दिला की पलीकडून दुसरी देते. मोठ्या नराची हाक मात्र दरी ओलांडते. मी वडिलांबरोबर उप्पगे गोळा करायला जायचो. कोकमाच्याच जातीचं फळ, वाळवून विकतात, आमच्याकडच्या बऱ्याच घरांचा पावसाळ्यातला पैसा. तेच फळ सिंगळीकही खातात. वडील काठीने फळं पाडायचे आणि वरच्या दोन फांद्या सोडून द्यायचे. ‘ती त्यांची.’ नंतर भाव वाढला तसे लोक कच्ची फळंच काढू लागले, फांद्यासुद्धा तोडून.

पिंजऱ्यातल्यांबद्दल मला काही कळत नाही. पण डॉक्टरांनी लिहिलं ते आम्ही रोज बघतो. पिल्लू एकीचं, आणि हात चार जणींचे.

---

घाटवाट | मंगळवार, रात्री ९:१०

मलनाडकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शरावतीच्या २००० मेगावॅटच्या पंप्ड स्टोरेज प्रकल्पाचं (पाणी वर चढवून, पुन्हा खाली सोडून वीज करायची) काय? तो याच अभयारण्यात येतोय ना?

---

मलनाडकर | मंगळवार, रात्री ९:५५

हो. भूमिगत बोगदे आहेत म्हणतात, पण रस्ते, माती टाकायला जागा, तारा, सगळं रानातूनच जाणार. ही माकडं जमिनीवर उतरायला नाखूश असतात. वर फांदीला फांदी भिडलेली हवी. एक रुंद रस्ता झाला की कळप दोन होतात. गावोगाव विरोध चालू आहे, मीही सभांना जातो.

---

कातळफूल | बुधवार, सकाळी ६:४५

तामिळनाडूत वालपराईला यावर एक उपाय पाहिला. पुदुतोट्टम म्हणून मळ्यांत अडकलेला जंगलाचा लहानसा तुकडा आहे, शंभर हेक्टरसुद्धा नाही, आणि त्यात दीडशेच्या वर सिंहपुच्छ. रस्ता ओलांडताना गाड्यांखाली यायची. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या लोकांनी झाडांमधून रस्त्यावर पूल टांगले आहेत, अग्निशामकाचे जुने कापडी पाइप वापरून. आम्ही गाडी थांबवून अर्धा तास उभे होतो. आधी एक नर गेला, मग दोन माद्या. शेवटच्या मादीच्या पोटाला पिल्लू होतं, फिकट गुलाबी तोंडाचं, आयाळ अजून फुटायची होती. ती मधोमध थांबली, खालून ट्रक गेला, मग पुढे गेली.

मी पहिल्या दिवशी घाटवाटांना +१ दिलं होतं. आता प्रश्न एवढा सोपा वाटत नाही.

---

अनघा_ब | बुधवार, सकाळी ९:३०

रानजाईताई, तुमच्या त्या चौघींचं आता काय होणार?

---

रानजाई | रविवार, दुपारी १२:१०

अनघा, आज सकाळी कीपरला तेच विचारलं. चौघींना शेवटपर्यंत इथेच ठेवणार, एकमेकींपासून वेगळं करणार नाहीत. त्यानंतर ते घर दुसऱ्या जातीला जाईल.

मी त्याला मलनाडकरांच्या वडिलांची गोष्ट सांगितली, वरच्या दोन फांद्यांची. त्याने त्या फळाचं नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला, इथल्या आशियाई दुकानात कोकम मिळतं का? वाळवलेलं, बिनमिठाचं असलं तर आधी डॉक्टरांना दाखवून म्हातारीला थोडं देऊन बघू. डॉक्टर सातारा, तुम्हीही सांगा, चालेल ना?

---

पशुवैद्य_सातारा | रविवार, दुपारी १:४५

बिनमिठाचं असेल तर चालेल. आधी भिजवा, बी काढा, आणि पहिल्या दिवशी एकच पाकळी.

---

मलनाडकर | रविवार, रात्री ८:२०

ताई, पत्ता निरोपातून कळवा. घरी या वर्षीचं कोकम आहे, मीठ न लावता वाळवलेलं. पाठवायला परवानगी लागते का तेवढं तिकडे विचारून ठेवा.